काळजाच्या आकाराचं पान

गावच्या औषधी बागेत कॉलेजातल्या एका सरांनी पत्र्याच्या पाट्या लावल्या, तेव्हा आम्हा बायकांना टाळ्या वाजवायला बोलावलं होतं. कुंपणावरच्या वेलीला पाटी लागली: टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे गुळवेल. सर चार हात लांब उभे राहून म्हणाले, "पानाचा आकार बघा, आकार." आम्ही आकार बघितला. वेलीला हात कोणी लावला नाही, सरांनीसुद्धा.

नावाचा अर्थ मला पुतणीने सांगितला. ती खामगावला सायन्स शिकते, मला मोठमाय म्हणते. लॅटिन भाषेत कॉर म्हणजे काळीज आणि फोलियम म्हणजे पान. मी आजवर कितीतरी बकऱ्यांची काळजं चिरली, एकही पानासारखं निघालं नाही. ज्याने हे नाव ठेवलं, त्याच्या घरी स्वयंपाक दुसरंच कोणी करत असणार.

"मंग पिंपळाचं पान बी तसंच असते. त्याचं नाव काय?"

"फायकस रिलिजिओसा. धर्मावरून."

पिंपळाला धर्म मिळाला, गुळवेलीला काळीज. वाटणाऱ्याचं काय जातं? मंजिष्ठाही कॉर्डिफोलियाच म्हणे. म्हणून आधी एक वेगळं नाव लावतात. आमच्याकडे एका नावाच्या दोन सुना असल्या, की नवऱ्याचं नाव जोडतात, तसंच. एवढ्यासाठी कॉलेज काढावं लागलं.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंना ताप आला. पुतणीने पाटीखालची वेल तोडून आणली, काढा उकळला आणि पेला त्यांच्या हातात दिला. मी चुलीजवळचे उरलेले तुकडे उचलले. मोडलेल्या टोकाला पांढरा चीक होता. गुळवेलीला चीक नसतो. तिची साल कागदासारखी सुटते, खाली हिरवं निघतं, आणि आडवी कापली तर चाकासारखे आरे दिसतात. आमच्या बायका नखाने साल खरवडूनच वेल घेतात. पानावर कोणी जात नाही, कारण गारवेलीचं पानही तसंच असतं. आणि गारवेल पोटात गेली तर उलट्या-जुलाब.

चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तरी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, पेऊ नोका. हे गारवेल होय."

"काऊन वं? पाटी का खोटी हाये? चौथी शिकून तू सरायले शिकवून राह्यली का?"

पुतणीने मोबाइलवर फोटो जुळवला. "मोठमाय, शेप सेम हाये."

"असू दे. गुळवेल कडूजहर असते. पानाचा तुकडा दाताखाली धर आन् थुकून टाक."

तिने चावला, थुंकला, आणि हळूच म्हणाली, "कडू नाही लागत."

आता तरी पेला खाली येईल असं मला वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "उकळलं हाये तं वाया कायले घालवायचं?" आणि पेला ओठांना लावला.

मी तो हिसकला आणि मोरीत ओतला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या हातातून मी पहिल्यांदा काही काढून घेतलं.

त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. दवाखान्याच्या गोळ्यांनी ताप उतरला. शेजारीण भेटायला आली, तेव्हा तिला सांगत होत्या, "मले पाह्यताच समजलं होतं बाई. मी पेलीच नाही."

मी आत चहा करत होते. त्यांच्या कपात एक चमचा साखर कमी घातली.