मास्क धरून बसलेली बाई

वडिलांना मलेरिया झाला, तेव्हा गडचिरोलीच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेपाशी ती बाई होती. कुरखेड्याकडची, धानाची शेती करणारी. तिच्या नवऱ्यालाही मलेरियाच. पण त्याच्या फुप्फुसांना सूज आली होती. तो ऑक्सिजनचा मास्क ओढून काढायचा आणि ती न चिडता पुन्हा बसवून धरायची. त्याच्या छातीवरून तिची नजर हटत नसे.

दुपारी तिचा दीर गाडी घेऊन आला. "प्लेटलेट इतक्या खाली गेल्या, अन् हे डॉक्टर चढवून नाई राह्यले! नागपूरले नेऊ."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "प्लेटलेट रक्त थांबवतात, खरं आहे. पण अशा आजारात त्याच फुप्फुसातल्या बारीक नसांत अडकतात आणि सूज वाढवतात. रक्त वाहू लागलं तर चढवूच. आत्ता ऑक्सिजन महत्त्वाचा. रस्त्यात जिवावर बेतेल."

दीर ऐकेना. त्याने भावाला उठवायला हात घातला, तशी ती मध्ये उभी राहिली.

"भाऊजी, तुमी रिपोर्ट पाहून राह्यले, मी त्याईचा दम पाहून राह्यली. इथून नाई हालवू देत."

गाडी रिकामी परतली. ती पुन्हा मास्क धरून बसली. काही बरंवाईट झालं असतं, तर सगळ्या घराने तिलाच जबाबदार धरलं असतं. तिचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

काही दिवसांनी मास्क निघाला. घोगऱ्या आवाजात नवऱ्याने विचारलं, "तू जेवली का?"

"आता जेवीन," ती म्हणाली, आणि खाटेच्या कडेला डोकं टेकून तिथेच झोपून गेली.