शिरीषाखालची फरशी

मावशीने डेपोतलं काँक्रीट फोडायला घेतलं, तेव्हा बघणाऱ्यांना वाटलं की बाईचं डोकं फिरलं. ते काँक्रीट तिनेच करून घेतलं होतं. त्यासाठी ती वर्षानुवर्षं भांडली होती.

डेपोत ती बस धुण्याचं काम करायची. सकाळच्या फेऱ्या संपवून बस आत आल्या, की लांब दांड्याचा ब्रश, जाड रबरी पाइप आणि साबणाच्या पाण्याची बादली घेऊन तिचं सुरू व्हायचं. आधी टप, मग काचा, मग पत्रा, शेवटी चाकं. हा क्रम तिने कधी मोडला नाही. एखाद्या नव्या धुणाऱ्याने चाकांपासून सुरुवात केली, तर ती काही बोलायची नाही. नुसतं टपावर पाणी सोडायची. धुतलेली चाकं पुन्हा काळी झाली की माणूस आपोआप शिकायचा.

सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याहून वयाने मोठा असलेला एक ड्रायव्हरही मावशीच म्हणायचा, आणि ती त्याला काका म्हणायची. त्याचं डेपोतलं नाव ब्रेककाका. रस्त्यात कबुतर दिसलं तरी त्याचा पाय ब्रेकवर जायचा. प्रवासी वैतागत, पण त्याच्या बसला कधी ओरखडा उठला नव्हता. ती बस धुवायला मावशीला आवडायचं. पोचे नसले की ब्रश कसा सरळ जातो, असं ती म्हणायची.

धुण्याची जागा शिरीषाच्या झाडाखाली होती. डेपोच्या आवारात तेवढं एकच झाड. बाकी सगळा पत्रा, डांबर आणि लोखंड. झाड इतकं पसरलेलं, की त्याच्या सावलीत दोन बस शेजारीशेजारी मावत. सकाळी धुणं आटोपलं की ती जागा दुपारच्या फेरीवाल्यांची. असा नियम कुठे लावलेला नव्हता, पण तो सगळ्यांना ठाऊक होता. दुपारी ज्याला निघायचं आहे, त्याची बस सावलीत. तो मागच्या बाकावर पाय पसरून घटकाभर डोळा लावणार, उठून तोंडावर पाणी मारणार आणि गाडी काढणार. साहेबांची जीपसुद्धा उन्हात उभी राहायची. एकदा बदली होऊन आलेल्या एका ड्रायव्हरने संध्याकाळची फेरी असताना बस सावलीत लावली. ब्रेककाकाने आपली बस त्याच्या मागे नेऊन टेकवली, किल्ली खिशात टाकली आणि जेवायला गेला. भांडण नाही, काही नाही. बदलीवाल्याला नियम समजला.

झाडाबद्दल मावशीचं मत फारसं चांगलं नव्हतं. त्यावर पाखरांचा मुक्काम असायचा आणि त्यांची घाण टपावर वाळून सिमेंटासारखी घट्ट बसायची. वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर दिवसभर खुळखुळायच्या आणि काचेच्या खाचेत जाऊन अडकायच्या. तिने कुरकुर केली की ब्रेककाका म्हणायचा, "पाखरं घाण करतात म्हणून तर तुझी नोकरी टिकून आहे. त्यांचे उपकार मान."

पण तिचं खरं दुखणं चिखल होता. धुण्याचं सगळं पाणी झाडाखालच्या मातीत जिरायचं. जिरेपर्यंत ती त्यात उभी. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. कातडी पांढरी पडून सोलायची, रात्री आग व्हायची. घरी ती आणि मुलगी, दोघीच. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीखाली पलंग, दारामागे मोरी. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी ती आईचे पाय कोमट पाण्यात बुडवायची, पुसायची आणि मलम लावायची. मलम दुकानातून आणलेलं असायचं, बडबड मात्र घरचीच. कुणाची आई इतकी हट्टी नसेल, बूट वापरायला काय होतं, वगैरे. बुटात पाणी शिरलं की जास्त कुजतं, हे मावशीचं ठरलेलं उत्तर.

ती फोरमनकडे फरशी मागायची. फोरमन वर कळवतो म्हणायचा. वरून काही यायचं नाही. मग एकदा मोठे साहेब पाहणीला आले. आवार बघताबघता ते झाडाजवळ गेले आणि त्यांचा एक बूट चिखलात रुतून बसला. पाय बाहेर आला, बूट आतच. मावशीनेच तो उपसून काढला आणि पाइपखाली धुऊन दिला. त्यानंतर काँक्रीटला वेळ लागला नाही. मावशीच्या पायांनी जे इतक्या वर्षांत झालं नाही, ते साहेबांच्या बुटाने केलं, असं सगळे हसत म्हणाले. मावशीही हसली.

काँक्रीट ओतायच्या दिवशी ती बाजूला उभी राहून बघत होती. गवंड्याने बुंध्याभोवती हातभर माती मोकळी सोडली होती. त्याने तिथे विटा लावायला घेतल्या, तशी मावशी पुढे झाली.

"ते कशाला सोडता? तिथेच तर सगळा चिखल होतो."

गवंडी म्हणाला, झाडाला थोडी जागा ठेवतात. मावशी म्हणाली, झाड माझ्या जन्माआधीपासून उभं आहे, त्याला काही होत नाही, मला होतं. ऐकणारे हसले. गवंडीही हसला आणि त्याने विटा उचलल्या. काँक्रीट बुंध्याला जाऊन भिडलं. फरशीला उतार दिला होता. धुण्याचं पाणी आता सरळ गटारात जायचं.

तिचे पाय बरे झाले. मुलीने तिच्यासाठी पट्ट्यांची चप्पल आणली आणि मलमाची ट्यूब कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. तसे सुखाचे दिवस मावशीला फार आले नव्हते. ती फरशीवरून अनवाणी चालून बघायची. कोरडी, सपाट, गार फरशी.

शिरीष दरवर्षी काही दिवस पानं टाकतो. शेंगा तेवढ्या राहतात. मग पालवी येते. त्यामुळे पुढच्या वर्षी पालवीला उशीर झाला, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. आली, पण विरळ. त्याच्या पुढच्या वर्षी गटाराकडच्या बाजूला आलीच नाही. त्या फांद्या तशाच राहिल्या. फोरमन म्हणाला, वय झालं असेल. कुणी म्हणालं कीड आहे. म्हणून बुंध्याला कसलंसं औषध मारलं. त्याचा वास मात्र बरेच दिवस टिकला.

मावशीने सुरुवातीला सोयच बघितली. शेंगा कमी पडतात, पाखरं कमी बसतात. टप लवकर स्वच्छ होतो.

सावली आता जाळीसारखी झाली होती. बस तिच्यात उभी असूनही तापायची. बाकांच्या रेक्झिनवर हात ठेववत नव्हता. ड्रायव्हर ओलं फडकं स्टिअरिंगला गुंडाळायचे, ते पहिल्या थांब्यापर्यंत वाळायचं. मागच्या बाकावर आता कुणी झोपत नव्हतं. सगळे कँटीनच्या पत्र्याखाली एकाच पंख्याभोवती गर्दी करायचे आणि पंख्याचं तोंड कुणाकडे असावं यावरून रोज वाद व्हायचे. कधी एकमेकांना अरे-तुरे न केलेली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागली. प्रवाशांच्या तक्रारी वाढल्या. फोरमन म्हणायचा, उन्हाळा यंदा जरा कडक आहे.

ब्रेककाका त्या गर्दीत जायचा नाही. तो जुन्या सवयीने आपल्या बसमध्येच पडून राहायचा. घामाने भिजून उठायचा आणि गाडी काढायचा.

एका दुपारी त्याची बस थांब्याच्या खांबावर गेली. थांब्यावर कुणी नव्हतं. प्रवाशांपैकीही कुणाला लागलं नाही. पुढचा पत्रा तेवढा आत गेला. डोळ्यांपुढे पांढरं झालं, एवढंच तो सांगू शकला. चौकशी लागली. चौकशी होईपर्यंत त्याने घरी बसायचं होतं.

बस ओढून डेपोत आणली. मावशीने ती धुतली. टप, काचा, पत्रा. पुढच्या बाजूला ब्रश पोच्यात अडकला. तिने तो काढला, पुन्हा घातला, पुन्हा अडकला. मग तिने पाइप बंद केला नाही, तसाच खाली टाकला आणि पाणी कुठे जातं ते बघत उभी राहिली. पाणी उतारावरून गटारात गेलं. बुंध्याकडे एक थेंबही वळला नाही.

झाडातलं तिला काही कळत नव्हतं. पण इतकी वर्षं रोज ते पाणी कोण पीत होतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

त्याच आठवड्यात फोरमनने झाड तोडायचं ठरल्याचं सांगितलं. वाळक्या फांद्या बसवर पडल्या तर जबाबदारी कोण घेणार? तोडणारी माणसं पुढच्या सोमवारी येणार होती. मावशी त्याच्या खोलीत गेली. आधी बुंध्याभोवतीची फरशी काढून बघा म्हणाली. फोरमनने चहाचा कप खाली ठेवला.

"मावशी, ती तुमच्यासाठीच केली होती ना?"

"हो. म्हणून तर मी सांगतेय."

"सारखं सांगून सांगून करून घेतलीत. आता काढा म्हणता. वर काय सांगू मी?"

"माझी चूक झाली म्हणून सांगा. बाईचं डोकं फिरलंय म्हणून सांगा. काहीही सांगा."

फोरमन म्हणाला, वर कळवतो. त्या शब्दांचा अर्थ मावशीला चांगला माहीत होता.

घरी मुलीने सगळं ऐकून घेतलं. ती भात निवत ठेवत होती. फरशी गेली की पुन्हा चिखल, पुन्हा तेच पाय, पुन्हा रात्रभर आग, हे तिने आईला एकेक करून सुनावलं. झाड गेलं तर सरकारी खात्याला दुसरं लावता येईल. मावशी म्हणाली, लावतील, आणि ते मोठं होईपर्यंत काका उन्हात झोपेल.

"आई, त्या झाडाला पाय नाहीत. तुला आहेत."

"म्हणूनच. मला बाजूला होता आलं असतं. त्याला आलं नाही."

दोघी जेवल्या. भांडी घासून झाल्यावर मुलीने कपाटाच्या वरच्या फळीवरून ट्यूब काढली, उजेडात धरून तारीख बघितली आणि कचऱ्यात टाकली. नवी आणावी लागेल, म्हणाली.

रविवारी मावशीची सुट्टी असायची. ती डेपोत आली, गॅरेजमधून पहार आणि घण मागून घेतला आणि बुंध्यापाशी बसली. काँक्रीट चांगलं झालं होतं. साहेबांच्या बुटासाठी झालेलं काम, त्यात कुणी भेसळ केली नव्हती. पहिल्या घावांनी नुसती पांढरी धूळ उडाली. कँटीनबाहेर माणसं जमली. एकाने विचारलं, मावशी, खजिना पुरलाय का? दुसरा म्हणाला, बूट राहिला असेल साहेबांचा दुसरा. ती मान खाली घालून घाव घालत राहिली. ऊन चढलं. पंख्याखालून एकजण उठून आला, त्याने तिच्या हातातून घण घेतला. तो तोच बदलीवाला ड्रायव्हर होता. मग आणखी दोघे आले. मस्करी चालूच होती, फक्त आता ती पहारीच्या तालावर चालली होती.

संध्याकाळपर्यंत झाडाखालची सगळी फरशी उखडली. खालची माती विटेसारखी कडक झाली होती. मावशीने पाइप आणून त्यात सोडला. पाणी बराच वेळ वरच तरंगत राहिलं. मग कुठूनतरी बुडबुडा आला आणि ते खाली उतरायला लागलं.

फोरमन सोमवारी सकाळी आला. त्याने फुटलेली फरशी पाहिली, मावशीला पाहिलं, आणि कुणी फोडली असं विचारलं नाही. तोडणारी माणसं आली तेव्हा त्याने त्यांना वाळलेली बाजू दाखवली आणि तेवढीच काढा म्हणाला. बाकीचं बघू. तोडणाऱ्यांना कामाशी काम. त्यांनी अर्धं झाड उतरवलं. उरलेलं एका अंगावर कललेल्या माणसासारखं दिसायला लागलं.

मावशीला सरकारी मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल समज मिळाली. तिने ती ऐकून घेतली आणि बादली भरायला गेली.

ते झाड पूर्वीसारखं झालं नाही. होईल की नाही, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. उरलेल्या बाजूला पालवी आली, बऱ्यापैकी दाट. आता सावलीत एकच बस मावते. त्यामुळे फोरमनने नियम बदलला. दुपारी निघणाऱ्यांत ज्याचं वय जास्त, त्याची बस सावलीत. ब्रेककाका चौकशी संपवून कामावर परतला तेव्हा ती जागा त्याची झाली. झाडाने म्हातारपणाचा मान ठेवला, असं तो म्हणाला. मावशी म्हणाली, झाडाने नाही, फोरमनने.

चिखल परत आला. मुलीने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले. ते दोन माप मोठे आहेत आणि चालताना पकपक वाजतात. पाणी त्यांत शिरतंच. संध्याकाळी कोमट पाण्याचं घमेलं, नवी ट्यूब आणि जुनी बडबड असं पुन्हा सुरू झालं आहे.

मावशी आता बस धुताना ड्रायव्हरला गाडी थोडी पुढे घ्यायला लावते. का, ते सांगत नाही. पाणी मुळांवर पडतं.

परवा एक नवा ड्रायव्हर आला. बस झाडाखाली लावून तो खिडकीतून बाहेर बघत होता. पायऱ्यांना लागलेला चिखल बघून त्याने नाक मुरडलं आणि विचारलं, "मावशी, इथे फरशी का नाही करून घेत?"

शेजारून जाणारा ब्रेककाका थांबला. तो म्हणाला, काच लावून घे.

नव्या ड्रायव्हरला ते कळलं नाही. तोवर मावशीने पाइप टपावर धरला होता.