तळवे बघणाऱ्या सुलभा सिस्टर

सुलभा सिस्टर आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पाणी घेतलं नाही की ख्यालीखुशाली विचारली नाही. पाट ओढून बाबांच्या पुढ्यात बसल्या आणि म्हणाल्या, “बसा, आणि पाय वर.” बाबा चक्रावलेच. परक्या बाईपुढे पाय करायचे म्हणजे काय! पण सिस्टरांनी हात पुढे धरला होता आणि तो मागे जायचं काही लक्षण दिसेना. शेवटी बाबांनी एक पाय उचलून दिला. त्यांनी तो दाराच्या उजेडाकडे वळवला, बोटांच्या बेचक्या उघडून बघितल्या, टाचेवरून अंगठा फिरवला. “तोंड खोटं बोलतं काशीदादा, तळवा नाही बोलत. आता दुसरा.”

त्या आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई. माणगावकडच्या भातशेती करणाऱ्या घरातल्या, उंचीला बेताच्या, आवाज मात्र असा की हाक मारली की अख्ख्या आळीतल्या कोंबड्या घराबाहेर. ज्याच्या रक्तात साखर निघाली त्याच्या पायाला त्या चिकटल्याच म्हणून समजा. गावाने त्यांचं नाव ‘तळवेबाई’ ठेवलं. खोटं कशाला बोलू, ते नाव ठेवणाऱ्यांत मीही होतो.

बाबांना साखर आहे हे त्यांनीच बोटातून रक्त काढून सांगितलं. बाबा खो खो हसले. “अवं बाई, जलम मिठात गेला माझा, मना साखर कशी व्हईल?” सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला शेजारी बसवून समजावलं, की साखर वाढत राहिली की पायाची जाण मरत जाते. काटा मोडला तरी कळत नाही. “दुखणं म्हणजे दारातला कुत्रा रे. भुंकतोय तोवर घर शाबूत. ‘आई गं’ करणाऱ्याची मला भीती नाही. मी जखमेवर बोट ठेवलं आणि माणूस ‘कुठं?’ म्हणाला, की मी घाबरते.” मी मान डोलावली आणि टेम्पो घेऊन भाड्याला निघून गेलो.

आमचं गाव मिठागरांचं. दिवाळी सरली की वाफ्यांची जमीन अनवाणी पायांनी तुडवायची, रोज तुडवायची, दगडासारखी घट्ट होईस्तोवर. जमीन घट्ट तर मीठ पांढरं, नाहीतर मिठात चिखल. या तुडवण्यात बाबांचा हात, म्हणजे पाय, धरणारा कोणी नव्हता. सिस्टर म्हणाल्या, यंदापासून बूट घालून तुडवा. बाबांना तो अपमान वाटला. “बुटाला काय कलतं जमीन कुठं नरम हाय ती?” तेही खोटं नव्हतं.

त्या हिवाळ्यात तुडवताना बाबांच्या उजव्या पायात कालवाचं कवच घुसलं. कालव म्हणजे खाडीच्या दगडांना चिकटणारा शिंपला, धार सुरीची. बाबांना कळलं ते पाण्यात रक्ताची रेघ दिसली तेव्हा. मग त्यांनी तेच केलं जे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करतात. रोज संध्याकाळी तासभर मिठागराच्या खाऱ्या पाण्यात पाय बुडवून उभे राहिले. आईला दम दिला, “त्या बाईला सांगशील तर बघ. मिठात मासा सडत न्हाय, तर मानूस कसा सडंल?” आईलाही ते पटलं. मला विचारलं असतं तर मलाही पटलं असतं.

सिस्टर तीन आठवड्यांत तीनदा येऊन गेल्या. दर वेळी बाबा मिठागरावर. बाबा लंगडत नव्हते, म्हणून आम्ही निर्धास्त! अहो, दुखतच नव्हतं तर माणूस लंगडेल कशाला?

मग घरात वास यायला लागला. आईला वाटलं उंदीर मेलाय. आम्ही पोटमाळा उपसला. सुक्या बोंबलांचा डबा अंगणात रिकामा केला, चांगले बोंबील फेकून दिले. वास काही जाईना. चौथ्यांदा सिस्टर आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. बाबांची पैरण खुंटीला होती, तिच्याखाली त्यांची रात्री पांघरायची गोधडी. सिस्टरांनी गोधडीचं टोक उचललं, नाकाशी धरलं आणि खाली ठेवलं. “काशीदादा कुठायत?” त्यांचा आवाज इतका हळू मी तोवर ऐकला नव्हता.

मिठागराच्या बांधावरून त्या पुढे, मी मागे. बाबा घोट्याच्या वर पाण्यात उभे होते. सिस्टरांना बघून त्यांनी तोंड फिरवलं. “बाहेर या,” सिस्टर म्हणाल्या. “तास भरला का येतो.” सिस्टर बांधावरच बसल्या, मांडीवर पदर पसरला. “माझ्या बापाला असंच भातखाचरात लागलं होतं. आधी पाय गेला मांडीपासून. उरलेला बाप सहा महिन्यांनी गेला. तुम्ही उभे राहा दादा, मी बसलेय.” बाबांनी तास भरायची वाट बघितली नाही. बाहेर आले आणि त्यांच्या पदरात पाय ठेवला.

करंगळीच्या खाली भोक होतं. कडा पांढऱ्या, फुगलेल्या, आत काळं. सिस्टरांनी बाजूला दाबलं तसा पू आला. “दुखतंय?” त्यांनी विचारलं. बाबा निवांतपणे म्हणाले, “कुठं?”

सिस्टरांनी पेन काढलं. घोट्याच्या वर जिथवर लाली चढली होती तिथे नडगीवर गोल रेघ मारली आणि मला म्हणाल्या, “गाडी काढ.” मी म्हटलं, “सिस्टर, टेम्पोत विटा भरल्यात, पेणला टाकून लगेच...” त्या ताडकन उठल्या. “विटा उतरव नाहीतर रस्त्यात फेक! रोज सकाळी सहा टायर ठोकून बघतोस ना? बापाचा तळवा कधी बघितलास?”

आयुष्यात माझ्या खूप जणांनी मुस्काटात मारली असेल, पण इतकी जोरात कोणी नाही.

विटांसकटच निघालो. वडखळला वाहनं एकाला एक चिकटलेली. बाबांना थंडी भरून आली, दात वाजायला लागले. सिस्टर त्यांचा पाय मांडीवर घेऊन रेघेकडे बघत बसलेल्या. मी विचारलं, “किती चढली?” त्या म्हणाल्या, “पुढे बघून चालव.” नाका सुटला तेव्हा मी मान वळवून बघितलंच. लाली रेघेच्या दोन बोटं वर गेली होती. सिस्टरांनी दुसरी रेघ मारली. मी हॉर्नवरचा हात अलिबागच्या इस्पितळापर्यंत काढला नाही. देवाला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला, बाप वाचला. डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकलं असतंत तर काही हाती लागलं नसतं. बाबा घरी आल्यावर सिस्टरांनी त्यांना दाढीचा आरसा दिला. रोज दिवेलागणीला तो जमिनीवर ठेवून त्यात तळवे बघायचे. वाफ्यात अनवाणी उतरणं संपलं. बाबा बांधावर बसून दुसऱ्यांचं तुडवणं बघायचे आणि कधीकधी डोळे पुसायचे. पण आरसा एक दिवस चुकला नाही. पुढेपुढे तर येणाऱ्याजाणाऱ्यालाही सांगायला लागले, “बस. पाय वर.”

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा गावाने शाळेत निरोपाचा कार्यक्रम ठेवला. शाल-श्रीफळ द्यायचा मान बाबांचा. बाबा नारळ बाजूला ठेवून, बूट सावरत त्यांच्यापुढे खाली बसले. “बाई, आज तुमची पाळी. पाय वर.” सगळी शाळा हसली. सिस्टरही हसत म्हणाल्या, “इश्श, दादा, काहीतरीच!” पण पाय पुढे केला. बाबांनी तो उजेडाकडे वळवला. अंगठ्याखाली त्यांचं बोट थांबलं.

“बाई, हे कधी लागलं?”

“कुठे?” सिस्टर म्हणाल्या.

त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळ्यांत भीती आली. अख्ख्या गावाच्या रक्तातली साखर त्यांना तोंडपाठ होती. स्वतःचं बोट त्यांनी कधी टोचलंच नव्हतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. “गाडी काढ.”

ती जखम लहान होती, दीड महिन्यात भरली. त्या माणगावकडे आपल्या घरी गेल्या. बाबा दर रविवारी फोन लावायचे आणि एवढंच विचारायचे, “बघितलं?” तिकडून “बघितलं” आलं की ठेवून द्यायचे.

गेल्या वर्षी फोन त्यांच्या मुलीचा आला. हृदयाचा झटका, दारातच. आम्ही पोचलो तेव्हा सिस्टरांना अंगणात निजवलं होतं. माणसं एकेक करून पाया पडून मागे सरत होती. बाबांची पाळी आली. ते खाली बसले, पाय झाकणारी चादर दूर केली आणि एकेक तळवा उजेडाकडे वळवून, बेचक्या उघडून बघायला लागले. लोक कुजबुजले, कोणीतरी पुढेही झालं. सिस्टरांच्या मुलीने त्या माणसाला हातानेच थांबवलं.

बाबांनी चादर नीट केली. “एक ओरखडा न्हाय,” तिला म्हणाले, आणि तिथेच बसून ढसाढसा रडले.