अ‍ॅमीटर कोणी जाळला

"तू हात लावायचा नाहीस. तुझ्या हाताला मीठ असतं. मिठातून करंट जातो."

विज्ञानाचे सर हे नववीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला बोलले. टेबलावर तीन सेल, एक छोटा दिवा, एक स्विच आणि तारा. मी तार उचलायला हात पुढे केला होता. वर्ग खदखदून हसला. मी हात मागे घेतला आणि स्कर्टच्या घडीत लपवला.

हात तसेच होते, खोटं कशाला सांगू. गोडदेव गावाच्या पलीकडे मिठागरावर आई मीठ ओढायला जायची. हंगामात शाळेआधी मीही जायचे. बोटांच्या भेगांत मीठ बसतं, कितीही घासा, कडा पांढऱ्याच राहतात. वर्गातली बरीचशी पोरं नव्या बिल्डिंगांमधली. मुंबईहून राहायला आलेली. मीठ त्यांच्याकडे दुकानातून पुडीत यायचं. ते कोण ओढतं हे त्यांना माझे हात पाहूनच कळलं असणार, आणि कळल्यावर त्यांना हसू आलं.

त्या दिवसापासून नियम पडला. चौघांचा गट. तारा जोडणार नीलेश. त्याचे वडील एका सोसायटीचे सेक्रेटरी, शाळेच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसणारे. बाकी दोघं सामान धरणार. मी रीडिंग लिहिणार आणि आकृती काढणार. वर्षभर मी दोन पावलं मागे उभी राहून लिहिलं. कुठली तार कुठे जाते ते दिसायचं. नीलेश चुकीच्या जागी लावायचा तेही दिसायचं. सांगितलं तर म्हणायचा, "तू लिही ना गं फक्त." माझा जीव जळायचा. पण मी लिहायचे.

परीक्षेला महिना उरला होता. नीलेशने घाईत अ‍ॅमीटरच्या दोन्ही तारा सरळ सेलच्या दोन टोकांना लावल्या. मधे दिवाच नाही. काटा सपकन टोकाला आपटला आणि तिथेच अडकला. जळका वास आला. नीलेशने एकदा मीटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

सर आले. कोणालाच काही विचारलं नाही. मला म्हणाले, "लावलास ना हात?"

"नाही सर."

"मग काय आपोआप जळला?"

नीलेश हळूच म्हणाला, "सर, तिनेच वायर धरली होती." बाकीचे दोघं बुटांकडे बघत राहिले. त्यांना सगळं माहीत होतं.

मला हेडमास्तरांच्या खोलीत नेलं. दार लावून घेतलं. कागद आधीच लिहून तयार. माझ्या निष्काळजीपणामुळे शाळेच्या उपकरणाची हानी झाली, मला माफ करावे. खाली रिकामी जागा. विज्ञानाचे सरच म्हणाले, "सही कर. नाहीतर प्रॅक्टिकलला बसायचं नाही. सोमवारपर्यंत विचार कर." मला रडायला येत होतं आणि रडले असते तर तोही कबुलीजबाब ठरला असता. म्हणून ओठ चावून उभी राहिले.

घरी वाटलं होतं आई तरी माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "सही करून टाक गो. आपला काय जातंय?"

"पण मी नाही केलं."

"न्हाय केलंस, मना ठाव हाय. पन शाला सुटली तं काय करशील? माझ्यासारखी मीठ वढशील? मी अंगठं दिलंत ना कवढ्या कागदांना?"

दिले होते. त्यातल्याच एका कागदाने आमची मिठागराकाठची झोपडी उठली होती. आईने तो वाचला नव्हता, तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मला माझा कागद अक्षर न अक्षर पाठ झाला होता. तिकडे शाळा, इकडे आई, आणि दोघांचं म्हणणं एकच. जायचं कुठे?

रविवारी मी विज्ञानाचं पुस्तक काढलं. पाठ करायला नाही. शोधायला. मी खरंच जाळलं असेल का, असा किडा माझ्याही डोक्यात शिरला होता. माणसाला पुरेशा वेळा सांगितलं की तो स्वतःलाच चोर समजायला लागतो.

पुस्तकात लिहिलं होतं. तारेतून एका सेकंदात जेवढा प्रभार जातो ती विद्युतधारा. मला आजवर वाटायचं दिवा करंट खाऊन टाकतो. तसं नाही. दिव्यात जेवढा प्रभार जातो तेवढाच बाहेर निघतो. पुढे होतं, अ‍ॅमीटरचा रोध नगण्य असतो, म्हणून तो परिपथात एकसर जोडावा, घटाला थेट कधीही जोडू नये. थेट जोडला की फार मोठी धारा वाहते आणि उपकरण निकामी होतं. मी माझी वही उघडली. त्या दिवशीची आकृती होती, नीलेशने जोडलं तशीच्या तशी. तीन सेल, एक अ‍ॅमीटर, दुसरं काही नाही. मी आकृती चुकीची काढली नव्हती, झालेली चूक लिहून ठेवली होती.

आणखी एक ओळ होती. कोरड्या शरीराचा रोध खूप जास्त असतो. ती मी चार वेळा वाचली.

सोमवारी सरांच्या टेबलावर सेल, स्विच आणि पेटलेला दिवा होता. सरांनी वर्गासमोर कागद पुढे केला. मी कागद घेतला नाही. दिव्याची एक तार सोडवली. दिवा विझला. तारेचं सुटं टोक एका हातात धरलं, दिव्याचं टोक दुसऱ्या हातात.

दिवा लागला नाही.

शेजारच्या पाण्याच्या पेल्यात बोटं बुडवून पुन्हा घट्ट धरलं. नाहीच लागला.

"सर, मिठाचेच हात आहेत. मधे मी उभी आहे. करंट जातो ना माझ्यातून? मग दिवा का लागत नाही?"

कोणी हसलं नाही. मी वही उघडून टेबलावर ठेवली. "अ‍ॅमीटर सेलला थेट लावला होता. मी लावला नाही. वर्षभर तुम्ही मला तार धरूच दिली नाहीत."

सरांच्या मानेची शीर ताठ झाली. आकृतीकडे त्यांनी पाहिलं. एवढं तर त्यांना कळतच होतं. मग वही मिटली आणि म्हणाले, "जास्त शहाणी झालीस. बाहेर हो."

मी बाहेर झाले. प्रॅक्टिकलला बसू दिलं नाही. लेखी पेपरच्या जोरावर काठावर पास झाले. नीलेशला पैकीच्या पैकी. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. माफी कोणी मागितली नाही आणि मी माफीची वाटही पाहिली नाही.

पुढे मीही कामाला लागले. कारखान्यात, ऑफिसात, जिथे गेले तिथे कोणी ना कोणी असा कागद पुढे सरकवलाच. आधीच लिहिलेला, खाली माझ्यापुरती जागा सोडलेली. मी आधी वाचते. न केलेल्या कामाखाली माझं नाव मी लिहीत नाही. नोकरी जाऊ दे, दार बंद होऊ दे, माझीच माणसं तोंड फिरवू देत. लिहीत नाही.