अण्णाकाकांचा विलायती पोलीस

आमच्या घरात प्रकाशचे किस्से ठेवायला आता माळा पुरेनासा झालाय. दर डिसेंबरात तो विलायतेहून केडगावला येतो, आठ दिवस राहतो आणि वर्षभर पुरतील एवढे धक्के देऊन जातो!

प्रकाश माझा चुलतभाऊ. शिकायला तिकडं गेला, तिथल्या सैन्यात कॅप्टन झाला, मग सैन्य सोडून तिथल्याच पोलिसांत शिरला. आता चांगला बडा साहेब आहे. त्याचे वडील, आमचे अण्णाकाका, इथले रिटायर पोलीस जमादार. पोरगा कॅप्टन झाला तेव्हा काकांनी गल्लीभर पेढे वाटले. पोलीस झाला तेव्हापासून मात्र त्यांच्या जिवाला एकच घोर: "त्यो खरा पोलीस हाय का न्हाई?" तेवढं कळल्याशिवाय आपण मरणार नाही, असं ते सगळ्यांना सांगत.

*

पहिल्याच सुट्टीत काकांनी विचारलं, "पिस्तूल कुठलं देत्यात?"

"देत नाहीत अण्णा. तिकडं बहुतेक पोलिसांकडं बंदूक नसतेच."

काकांचा चहा बशीत सांडला. "मिलिटरीत हुती की! म्हंजी तुला बढती न्हाई, शिक्षा झाली!"

*

पुढच्या वर्षी चौकशी ऑर्डर्लीची, म्हणजे दिमतीच्या शिपायाची.

"बूट कोन पुसतं?"

"मीच."

काकांनी आधी उठून दार लावलं. शेजाऱ्यांनी ऐकलं तर! मग हळूच म्हणाले, "आरं, मी साधा जमादार, पर माझे बूट मी कधी पुसले न्हाईत!"

*

एकदा प्रकाशनं तिकडं गाडी जरा जोरात चालवली. कॅमेऱ्यानं टिपलं. साहेबाला अर्धा दिवस वर्गात बसवून गाडी हळू कशी चालवावी ते शिकवलं! हे तो हसत हसत सांगत होता आणि आम्ही आ वासून ऐकत होतो.

काकांना राहवेना. "पर कॅमेऱ्याला सांगायचं ना, तू कोन हायेस त्ये!"

*

मी राहुरीला शिक्षक. मोठ्या हौसेनं प्रकाशला शाळेत नेलं. सहावीतल्या एका पोरीनं उभं राहून विचारलं, "सर, तुम्ही आतापर्यंत किती चोर तुडवले?"

"एकही नाही."

पोरीलाच त्याची दया आली असावी. म्हणाली, "नवीन असाल, सर."

घरी येऊन हे सांगितलं तर काका म्हणाले, "पोरीला कळतं, पन ह्याला कळत न्हाई!"

*

गेल्या डिसेंबरात मात्र कहर झाला. ओट्यावर चार माणसं जमलेली, काका रंगात आलेले. राजूरला नेमणूक असताना एकाचं पाण्याचं इंजिन चोरीला गेलं, काकांनी त्याच्याच किसन नावाच्या गड्याला उचललं.

"दोन दिस उलटा टांगला. तिसऱ्या दिशी कबूल! आन् मागनं इंजिन निघालं मालकाच्या मेव्हन्याकडं! पर गड्यानं कबूल केलं का न्हाई?"

सगळे खो खो हसले. हा किस्सा शंभरदा ऐकलेला, तरी मीही हसलो. आता आठवलं की लाज वाटते.

प्रकाश हसला नाही. "अण्णा, किसन आहे का अजून?"

"असंल की. म्हातारा झाला असंल."

"उद्या जाऊ. त्याची माफी मागा."

काका ताडकन उठले. "म्या? जमादारानं? चोराची?"

"तो चोर नव्हता, अण्णा."

काका न जेवताच आत गेले. मला वाटलं, संपलं, आता बापलेकांत जन्माचा अबोला! पण सकाळी पाहतो तर काय, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून काका गाडीत बसलेले! मी चाटच पडलो.

राजूरच्या वाटेवर अकोले गाव मागं पडलं. मग काकांनी विचारलं, "ह्याला तू पोलिसी म्हनतोस?"

"हो."

"बरं," काका म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

किसनचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात एक वाळकं म्हातारं वाल निवडत बसलं होतं. नजर अधू, आमच्याकडं बघून नुसतं हसलं. काका पुढं झाले. घसा खाकरून म्हणाले, "किसन..."

तेवढंच. आवाज कानावर पडला आणि म्हातारा धडपडत उठला. वालाचं सूप उपडं झालं. मागं सरत सरत तो भिंतीला जाऊन टेकला, हात जोडले आणि म्हणाला,

"इंजिन म्याच नेलं हुतं, साहेब!"