दिवा पेटला की बिडी

"आधी खिसा, मग रामराम."

उमापूरच्या रस्त्यावरच्या आमच्या जिनिंगात तुम्ही कधी कापूस घेऊन आला असाल, तर हे वाक्य तुम्हाला पाठ असणार. फाटकावर एक दणकट म्हातारा उभा असायचा. तुम्ही हात जोडले की त्याचा हात तुमच्या सदऱ्याच्या खिशात. काडीपेटी निघाली की ती शेजारच्या बादलीत बुडायची, आणि मग तो तुम्हाला अगदी अदबीनं रामराम घालायचा. त्या बादलीतलं पाणी एकदा एक म्हैस प्यायली. आठवडाभर तिचं दूध कुणी चुलीजवळ न्यायला तयार होईना.

मी तिथं वजनकाट्यावर होतो. फाटकावरच्या त्या म्हाताऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामा नौदलातून निवृत्त झालेले. बीड जिल्ह्यात समुद्र नाही, ही गोष्ट सरकारनं त्यांच्यापासून मुद्दाम लपवली होती असा त्यांचा समज. नौदलात ते नेमके काय होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. सोमवारी तोफेवर असायचे, गुरुवारी भटारखान्यात. पाणबुडीच्या खिडकीतून हात घालून मासा धरल्याचं मी स्वतः ऐकलेलं आहे, आणि मी खोटं बोलत नाही.

फाटकाबाहेरच्या कडुलिंबाला त्यांनी एक कंदील टांगला होता. चहाची सुट्टी झाली की भर उन्हात तो पेटवायचे आणि गरजायचे, "दिवा पेटला!" हमालांनी रांगेनं यायचं, त्याच ज्योतीवर बिडी शिलगावायची आणि कंदिलाखालीच उभं राहून ओढायची. "दिवा विझला!" अशी हाक आली की उरलेली बिडी बादलीत. मग ती नुकतीच पेटवलेली का असेना.

एका नव्या हमालानं विचारलं, "मामा, दिवसाढवळ्या कंदील कावून?"

मामांनी त्याला खाली बसवलं. "आरं, जुनी जहाजं लाकडाची. दोराला डांबर, वर वाळली शिडं, पोटात बंदुकीची दारू. एक ठिणगी पडली तर पळणार कुठं? चहूकडं दर्या! म्हणून बिडीकाडी खिशात ठिवायची न्हाई. भटारखान्यापाशी एकच दिवा. त्यो पेटला की ओढा, विझला की ओढू नका. आन् दारू चढवायची आसली की दिवा बंद म्हंजे बंद, कप्तानाचा बाप आला तरी."

"मग तवर खलाशी काय करायचे?"

"तंबाखू चघळायचे. आपल्या बीडला तंबाखू मळायला शिकवली कुणी? खलाशांनीच."

"खलाशी हितं कशाला आलते?"

"मी न्हाई का आलो बे?"



आता एक गोष्ट खरी सांगतो, कारण अधूनमधून सांगावी लागते. मामा यायच्या आधी आमच्या जिनिंगातली कापसाची अर्धी गंजी जळाली होती. म्हणूनच शेठनी त्यांना ठेवलं. मामांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक धारूरला दिलेली. ते फाटकाजवळच्या खोलीतच राहायचे. त्यांचा एकच हट्ट होता. "माझ्या पहाऱ्यात ह्या जहाजाला आग लागणार न्हाई." जिनिंगाला ते जहाजच म्हणायचे. कापसाच्या गंजीला काय म्हणायचे ते सांगायलाच नको. दारूगोळा.

मग हंगामाचा मुहूर्त आला. वजनकाट्याची पूजा, नारळ, पहिल्या शेतकऱ्याला शाल. तालुक्याचे पुढारी आले, त्यांच्यामागं चाळीसगावापर्यंत पोचेल एवढी गाड्यांची रांग. गुरुजींनी ताटातून काडीपेटी काढली. मामा ती उचलून बादलीत टाकून आले.

शेठ लाल झाले. "मामा, निरांजन कशानं लावू? माझ्या डोक्यानं?"

मामा विचारात पडले. आग हवी, काडी नको. मग ते तडक कडुलिंबाकडं गेले, कंदील पेटवला आणि आणून वजनकाट्याच्या खुंटीला अडकवला. त्यावर निरांजन लागलं. पुढारी खूश झाले, शेठ खूश झाले. मामा तर डोळे मिटून असे टाळ्या वाजवायला लागले, की जणू आरती त्यांचीच चाललीय.

आणि इथं घोटाळा झाला. जिथं दिवा, तिथं बिडी, हा कायदा मामांनीच हमालांच्या हाडात मुरवला होता. दिवा पेटलेला होता. पहिला हमाल शिस्तीत आला, शिलगावली, कंदिलाजवळ उभा राहिला. दुसरा आला. रांग लागली म्हटल्यावर पुढाऱ्यांची माणसंही सिगारेटी काढून रांगेत लागली. काट्याला लागूनच गंजी. आरती संपेपर्यंत अख्खी बिडीमंडळी गंजीला पाठ टेकून उभी होती.

मामांचे डोळे उघडायच्या आधी नाक उघडलं.

"दिवा विझलाऽऽ!"

धारूरच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली म्हणतात. हमालांनी हुकूम पाळला. सगळे बिड्या घेऊन फाटकावरच्या बादलीकडं पळाले. पण एक ठिणगी मागं राहिली होती. गंजीच्या कडेनं धूर निघाला. मग घागरी, पाइप, आरडाओरडा. पुढाऱ्यांचे कपडे गंजीपेक्षा जास्त भिजले. धूर थांबला, आणि सगळे जेवायला गेले.

मामा गेले नाहीत. गंजीत खांद्यापर्यंत हात घालून उभे.

शेठ म्हणाले, "चला की मामा. विझली आता."

"वर विझली. आत गरम हाय."

मी आणि ते दुपार टळेपर्यंत कापूस उपसत होतो. शेवटी आतून नारळाएवढा लाल गोळा निघाला. मामांनी तो उघड्या हातानंच बाहेर ओढला. मी पाणी ओतलं. 

सकाळी त्यांची पेटी दाराशी. हाताला फडकं.

शेठ गयावया करायला लागले. "मामा, अहो तुमच्यामुळंच वाचलं सगळं."

"माझ्यामुळंच लागलं बी. दिवा मी हलवला, शेठ. दारूगोळ्यापाशी दिवा नेणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा दिवा देत न्हाई."

"इथं कुठलं आलंय जहाज, मामा?"

मामांनी शेठकडं असं बघितलं, की मीच मान खाली घातली.

धारूरला लेकीकडं जातो म्हणाले. आम्ही त्यांना एसटीत बसवलं, हात हलवले. त्यांनी हलवले नाहीत. मागच्या काचेतून ते आमच्याकडं नाही, गंजीकडं बघत होते.

तासाभरानं रस्त्यानं एक माणूस चालत येताना दिसला. पुढच्या फाट्यावर उतरून, पेटी डोक्यावर घेऊन, मामा परत आले होते. आम्ही धावलो. ते थेट गंजीपाशी गेले, चांगला हात खांद्यापर्यंत आत घातला, डोळे मिटून थोडा वेळ थांबले.

"थंड हाय," म्हणाले, आणि पुढच्या गाडीनं गेले.