आईचं खरं वर्ष

मी क्यूएमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्या सगळ्या टीमसमोर चव्हाट्यावर मांडायच्या, याचा मला पगार मिळतो. घरीही माझं तेच चालतं, असं नवरा म्हणतो. चूक दिसली की बोलून दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. इतकी वर्षं मला या स्वभावाचं मनातून थोडं कौतुकच होतं. या उन्हाळ्यापासून नाही.

एप्रिलमध्ये आई आमच्याकडे परदेशात, पार्सिपनीला आली, सहा महिन्यांसाठी. नवरा ऑफिसला जातो, मी घरूनच काम करते, पण ते असून नसल्यासारखं. दिवसभर कानाला हेडफोन. आईनं आल्या आल्या माझी कपाटं आवरली, मसाल्याचे डबे घासले, पडदे धुतले, आणि मग खिडकीशी खुर्ची टाकून बसली. "इथे माणसं राहतात की नुसत्या गाड्याच?" असं एकदा तिनं विचारलं. मी म्युट करून म्हटलं, "आई, प्लीज, कॉलवर आहे." ती म्हणाली, "हो गं बाई, राहिलं." पुढे पुढे तिनं विचारणंच सोडलं. संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला की एवढंच म्हणायची, "दिवस खायला उठतो."

मग तिला चिनी आजी भेटली. आमच्या बिल्डिंगमागे एक तळं आहे. तळं कसलं, पावसाचं पाणी साठायला केलेला खड्डाच तो, पण भोवती चालायला रस्ता आहे, एक बाक आहे आणि वाट्टेल तिथे घाण करणारी जाडजूड बदकं आहेत. शेजारच्या बिल्डिंगमधली ही आजी नातवाला बाबागाडीत घालून तिथे यायची. मुलगी-जावई दोघंही नोकरीला, म्हणून ही चीनहून नातवंड सांभाळायला आलेली. एक दिवस बदकं बाबागाडीच्या अंगावर धावून आली, आणि माझी आई ओढणी फडकावत "हुश्श, हुश्श! मेल्यांनो, चला!" करत मधे पडली. तिथून गट्टी जमली.

दोघींना इंग्रजी सारखंच येत होतं, म्हणजे "थँक्यू" आणि "बाय बाय". पण आजीच्या फोनमध्ये भाषांतर करणारं अ‍ॅप होतं. ती चिनीत बोलायची, की फोनमधली बाई ते मराठीत सांगायची, बातम्या दिल्यासारखी, एकाही शब्दावर जोर न देता. आजीनं पहिल्याच आठवड्यात आईचं जन्मवर्ष विचारलं. आईनं पासपोर्टवरचं सांगितलं. आजीनं बोटं मोजली आणि बाकावरून उठलीच! दोघी एकाच वर्षाच्या, दोघी घोड्याच्या. त्यांच्याकडे वर्षांना जनावरांची नावं असतात, बारा वर्षांचा फेरा, आणि वर हे चालू वर्षही घोड्याचंच.

त्या दिवसापासून आई आजीच्या म्हणींतलं रोज एकेक जनावर घरी घेऊन यायला लागली. भाजी कशी झालीय विचारलं की म्हणायची, "घोडा घोडा वाघ वाघ." म्हणजे ठीकठाक, जेमतेम. आजीचा जावई फोनमध्ये डोकं घालून बसतो, त्याला काही सांगायला जाणं म्हणजे गाईपुढे वीणा वाजवणं. एकदा दोघी नव्या रस्त्यानं फिरायला गेल्या आणि चुकल्या. सगळी घरं एकसारखी, आजी घाबरली. आईनं लाल दाराचं घर आणि तुटकी पत्रपेटी लक्षात ठेवली होती, तिनं बरोबर परत आणलं. आजी म्हणाली, म्हातारा घोडा वाट ओळखतो. हे आईनं मला, नवऱ्याला आणि पुण्याला फोन करून मामीलाही सांगितलं. मला हसू यायचं, पण बरंही वाटायचं. आई दहा वाजले की केस विंचरून तयार.

आणि मग मोजे आले. ज्याचं वर्ष असतं त्याला ते वर्ष जड जातं म्हणे, म्हणून त्यानं अंगावर लाल काहीतरी घालायचं. आजीनं स्वतःसाठी आणि आईसाठी सारखे लाल मोजे आणले होते. बाबा गेल्यापासून आईच्या कपाटात लाल रंग नव्हता. कुणी मनाई केली नव्हती, तिनंच बंद केला होता. मला वाटलं, ठेवून देईल. पण तिनं ते घातले आणि पंजाबी ड्रेसखाली मिरवत घरभर हिंडली. "अय्या, काय ऊबदार आहेत गं!" म्हणाली. मे महिन्यात ऊब कशाला हवी होती, ते देव जाणे.

जूनमधल्या एका शनिवारी मी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर बाकावर जाऊन बसले. आजीनं माझं तोंडभरून स्वागत केलं. फोनमधली बाई म्हणाली, "तुझी आई आणि मी एका वर्षाच्या बहिणी आहोत."

मी म्हटलं, "अ‍ॅक्च्युअली..."

माझ्या हातून जे काही वाईट होतं ते याच शब्दानं सुरू होतं. मी समजावून सांगायला लागले. आमच्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळा जूनमध्ये उघडायच्या, मास्तर वय बसेल अशी तारीख ठोकून द्यायचे. आईला मोठ्या भावाबरोबर शाळेत घालायचं होतं, म्हणून मास्तरांनी तिला वर्षभरानं मोठी करून टाकली. ती खरी जन्मली पुढच्या वर्षीच्या गणपतीत. आईनं माझा दंड दाबला, "असू दे गं, काय करायचंय?" पण मी कसली थांबतेय! मी अगदी रंगात आले होते, ऑफिसातल्या डेमोत बोलते तशी.

फोनमधल्या बाईनं सगळं सांगून टाकलं. आजीनं पुन्हा बोटं मोजली. मग आईच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाली, आणि फोन म्हणाला, "मेंढी. मेंढी खूप प्रेमळ असते." मग तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं आणि विषय बदलला.

तो विषय बदलणं मला खटकलं, हीच माझी खोड. रात्री जेवताना मी फोनवर शोधलं. आई वाढत होती. मी मोठ्यानं वाचायला लागले, मेंढीच्या वर्षातली माणसं शांत, सोशिक, मायाळू. नवरा म्हणाला, "वा, सासूबाई!" मी पुढे वाचलं. बायकांना मात्र हे वर्ष वाईट समजतात. मेंढीच्या वर्षातल्या बहुतेक बायकांच्या नशिबी संसार पुरा होत नाही, नवरा लवकर जातो, अशा अर्थाची त्यांच्याकडे एक जुनी म्हण आहे. लग्नं जमत नाहीत म्हणून आया मुलींचं वर्ष लपवतात. हे मी वाचलं, हसले, आणि वर म्हटलं, "बघ आई, तुझ्या मास्तरांनी तुला वाचवलंच की!"

नवऱ्यानं टेबलाखालून मला पाय मारला. आईनं माझ्या ताटात भात वाढला आणि विचारलं, "वरण घेतेस आणखी?"

बाबा गेले तेव्हा मी दहावीत होते. आईला त्यानंतर हळदीकुंकवाची बोलावणी हळूहळू बंद झाली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. एका बारशाला मात्र तिनं बाळ घेतलं, तर आत्यानं "दमली असशील गं" म्हणत ते तिच्या हातातून काढून घेतलं. तेव्हा मी सगळ्यांदेखत आत्याशी कडाकडा भांडले होते. घरी येऊन आई मलाच रागावली. पण त्यानंतर कुठल्याही बारशाला गेली तरी ती मागच्या खोलीत भांडी पुसत बसायची. हे सगळं मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला माहीत नसेल इतकं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आईचा गुडघा दुखायला लागला. मी मलम लावून दिलं. तो गुडघा घरात ठणठणीत होता, फक्त दहा वाजले की दुखायचा. लाल मोजे धुऊन, घडी करून चपलांच्या स्टँडवर ठेवले होते. "तिला देऊन टाक, माझं वर्ष नाही हे," आई म्हणाली, आणि आत गेली. मी कॉल चालू असताना खिडकीतून बघायचे, तर आजी बाकावर. बाबागाडी पुढेमागे करायची, आमच्या खिडकीकडे मान वर करून बघायची.

एका सकाळी ती दारातच आली, बाळाला घेऊन. मी दार उघडायला गेले तोवर आई बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसली होती. मी गालावर हात टेकवून, डोळे मिटून खूण केली, झोपलीय. आजीनं मान डोलावली आणि गेली. खोटं बोलले तेही तोंड न उघडता.

बाथरूमच्या दाराशी उभी राहून मी चिडले. स्वतःवरच चिडले होते, निघालं तिच्यावर. "हे काय आई? तुझा असल्या गोष्टींवर विश्वास तरी आहे का?"

"नाही," ती आतून म्हणाली.

"मग?"

कडी काढून ती बाहेर आली. "तान्हं मूल आहे तिच्याजवळ. माझा नाही विश्वास, पण तिचा असेल तर? उद्या पोराला साधी सर्दी झाली तरी तिच्या मनात माझं येईल. मला पुन्हा कुणाच्या मनात यायचं नाही गं."

मी ऑफिसला लंच ब्रेकचा मेसेज टाकला, मोजे उचलले आणि खाली गेले. आजी बाकावरच होती. मोजे तिच्या हातात दिले. तिच्या फोनमध्ये मी सगळं सांगितलं. मी काय शोधलं, काय वाचलं, आई का येत नाही. बाबा कधी गेले तेही सांगितलं. सांगताना रडले, आणि फोनमधली ती बाई माझं रडणं गाळून बाकीचं सगळं सपाट आवाजात चिनीत सांगत राहिली.

आजीनं ऐकून घेतलं. मग बोलली, आणि फोन म्हणाला, "मी त्याच दिवशी बाकावर मोजलं होतं. ती म्हण मला माहीत होती. दुसऱ्या दिवशी मी बाळाला घेऊनच आले. ती आली नाही."

मला वर बघवेना. मग ती आणखी काही म्हणाली. "तू सापाला पाय काढलेस." मला कळलं नाही, तेव्हा तिनं सगळी गोष्ट सांगितली. काही लोकांनी पैज लावली, जो आधी साप काढेल त्याला दारू. एकाचा साप सगळ्यांआधी झाला. हातात वेळ उरला, म्हणून त्यानं सापाला पाय काढले. साप राहिला नाही आणि दारू दुसऱ्यानं प्यायली. तिनं हे रागानं सांगितलं नाही, पण हसलीही नाही. माझ्या आईच्या वयाची बाई परक्या देशात एकटी बसून मैत्रिणीची वाट बघत होती, आणि ते मी माझ्या हुशारीनं केलं होतं.

मग ती उठली. बाळाला काखोटीला मारलं, बाबागाडी मला उचलायला लावली आणि जिना चढली. आईला वाटलं मी किल्ली विसरले. तिनं दार उघडलं, आणि तिनं नाही म्हणायच्या आत आजीनं पोर तिच्या हातात दिलं. दिलं म्हणजे सोडलंच, धरल्याशिवाय इलाज नाही असं. पोरानं आईचा चष्मा ओढला. आईनं माझ्याकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि म्हणाली, "अरे चोरा, चष्मा तोडशील ना माझा!" आजी सोफ्यावर जाऊन ऐसपैस बसली आणि मोजे टीपॉयवर ठेवले. मला मीटिंग होती. मी आत गेले, पण हेडफोन एकाच कानाला लावला.

त्या संध्याकाळी आई टेबलाशी कोथिंबीर निवडत होती. मी समोर बसले. "आई, चुकलं माझं. तिला तुझं खरं वर्ष सांगायलाच नको होतं."

"त्याचं काही नाही गं. तुला लहानपणापासून राहवत नाही."

"मग माझ्याशी धड बोलत का नाहीस?"

तिनं एक पिवळं पान काढून बाजूला ठेवलं. "जेवताना तू वाचत होतीस ना, मी तुझ्याकडेच बघत होते. पुढचं तुझ्या डोळ्यांनी आधी वाचलं. तुझा चेहरा बदलला. मला वाटलं, आता फोन ठेवून देईल. मी ताटात भात घालायची थांबले होते, बघ. आणि मग तू हसून मोठ्यानं वाचलंस."

मी म्हणणार होते की नाही आई, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण आलं होतं. मोठ्यानं वाचायच्या आधी मी ते मनात वाचलं होतं.